कवितेत नसलेली ओळ

ब्रीद माझी शेजारीण. इंग्लंडमधल्या रीडिंग शहरात लाल विटांच्या घरांची जी लांबलचक ओळ आहे तिच्यात आमच्या दोन घरांमध्ये एकच भिंत होती, आणि तीही अशी पातळ की माझ्या कुकरच्या शिट्ट्या तिला ऐकू जायच्या आणि तिच्या रेडिओवरच्या बातम्या मला. मूळची आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरची. उभा जन्म इंग्लंडमध्ये नर्स म्हणून काढलेला, नवरा वारलेला, मूलबाळ नाही, सत्तरी उलटलेली. पहिल्या भेटीत मी तिला आन्टी म्हटलं तर म्हणाली, "मी कुणाची आन्टी नाही. ब्रीद म्हण." मराठीत ब्रीद म्हणजे काय ते मी तिला समजावून सांगितलं, तेव्हा मात्र खूश झाली.

ती कम्युनिस्ट होती. पक्ष सोडून वीस वर्षं झाली होती, पण पक्षाशी भांडण चालूच होतं. देव, इंग्लंडची राणी आणि माझा रविवारचा वर्ग, या तिघांवर तिचा सारखाच राग. वर्ग म्हणजे काय, तर दर रविवारी आमच्या पुढच्या खोलीत मी मराठी मुलांना स्तोत्रं आणि पाढे शिकवायची. संथा द्यायची. मी एक ओळ एकदा म्हणायची, मुलांनी दोनदा. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. माझे वडील सांगलीला मास्तर होते, त्यांनी मला हे असंच दिलं, आणि त्यातलं एक अक्षर अजून जागचं हललेलं नाही. मुलांचा आवाज फार चढला की ब्रीद पलीकडून भिंतीवर ठकठक करायची आणि सोमवारी चहाला आली की तोंडाचा पट्टा सोडायची.

"या पोरांना अर्थ सांगतेस का?"

"मोठी झाली की सांगेन."

"अर्थाशिवाय शब्द म्हणजे पोपटपंची, आसावरी. चर्चने आम्हाला लॅटिन असंच पाजलं."

"आधी गळ्यात बसू दे, अर्थ मागाहून येतो," मी म्हणायची. "आणि तू तरी तुझ्या कवितेचा अर्थ मला कुठे सांगतेस?"

यावर ती चहात बिस्किट बुडवायची. जन्मात तिने एकच कविता केली होती, तीही आयरिशमध्ये. लग्नानंतर नवऱ्याबरोबर, म्हणजे मार्टिनबरोबर, ती लंडनला हायगेटच्या दफनभूमीत कार्ल मार्क्सच्या थडग्यावर गेली होती, त्या भेटीची ती कविता. मार्टिन बांधकामावर मजूर होता. तो गेल्यावरही दर वर्षी मार्चमध्ये ब्रीद ट्रेनने लंडनला जाऊन त्या थडग्यासमोर उभी राहून ती खड्या आवाजात म्हणायची. एका वर्षी मलाही घेऊन गेली. समाधीपुढे काढावेत तसे मी सवयीने बूट काढले, तर माझ्यावर खेकसली, "तो देव नाही. बूट घाल, सर्दी होईल." मग त्या दगडी चौथऱ्यावरच्या मार्क्सच्या प्रचंड ब्राँझच्या डोक्याकडे बघत तिने अख्खी कविता म्हटली. परतीच्या ट्रेनमध्ये मी अर्थ विचारला. "इंग्रजीत सांगितली की ती गार होते," ती म्हणाली.

२००७च्या जानेवारीत एका सकाळी तिचा रेडिओ लागला, बातम्या झाल्या, कुणी मंत्री इराकबद्दल काहीतरी बोलला आणि भिंतीपलीकडून त्याला एकही शिवी आली नाही. मी पोळ्या टाकून तशीच उठले. तिच्या घराची एक किल्ली माझ्याकडे असायची. ब्रीद स्वयंपाकघरात जमिनीवर पडली होती, डोळे उघडे, तोंड एका बाजूला ओढलेलं. मला पाहून ती इंग्रजीत "वेल" म्हणाली.

तेवढा एकच शब्द तिच्याजवळ उरला होता. हॉस्पिटलमध्ये उजवा हात थोडा थोडा हलू लागला, तोंडही बरंचसं सरळ झालं, पण बोलणं परत येईना. चहा हवाय का, वेल. दुखतंय का, वेल. कुणी 'हाऊ आर वी टुडे' असं लाडिक आवाजात विचारलं की एक जळजळीत वेल. बोलणं शिकवणारी एक तरुण थेरपिस्ट यायची, ती मला एकदा बाजूला घेऊन म्हणाली, "बोलणं जुळवणारा मेंदूचा भाग दुखावलाय. पण लहानपणापासून पाठ असलेलं, म्हणजे गाणी, प्रार्थना, आकडे, ते कधी कधी शाबूत राहतं. आम्ही त्यांना प्रार्थना म्हणायला लावून पाहिली. त्यांनी तोंड फिरवलं."

"ते आजारामुळे नाही," मी म्हटलं. "ते त्यांचं मत आहे."

ती हसली नाही. बिचारी दमलेली होती.

ब्रीदची मोठी बहीण नोरा आयर्लंडमध्ये गॉलवेला असायची. ती फोनवर म्हणाली, "मी पंधरवड्यात येते आणि तिला इकडे घेऊन जाते. इथे एक चांगलं नर्सिंग होम बघितलंय. रीडिंगचं घर विकून टाकू." मी म्हटलं, ब्रीदला विचारायला नको का? नोरा म्हणाली, "कुणाला विचारू? डॉक्टर म्हणतात तिला हो-नाहीसुद्धा सांगता येत नाही. जे उरलंय ती ब्रीद नव्हे गं." नोरा वाईट नव्हती. म्हातारी होती, एकटी होती, तिला जे सुचलं ते ती करत होती. हॉस्पिटलचंही म्हणणं तेच पडलं, की पेशंटला स्वतःचं मत सांगता येत नसेल तर घरच्यांनी ठरवायचं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जन्मभर प्रत्येक गोष्टीवर मत असलेल्या बाईच्या बाबतीत बाकी सगळ्यांनी मतं द्यायची आणि तिने ऐकायचं. आणि खरं सांगायचं तर मला भीतीही वाटत होती. इंग्लंडमध्ये इतकी वर्षं काढली, सगळे माझ्याशी गोड बोलले. मनापासून भांडणारं माणूस मला एकच मिळालं होतं.

रविवारच्या वर्गात स्वराली नावाची मुलगी म्हणाली, "मावशी, आज ठकठक नाही आला." मी तिचं व्याकरण सुधारायलाही विसरले. ही पोरं संथा घेतात तेव्हा काय होतं ते मी समोर बघत होते. मी अर्धी ओळ म्हणून थांबले की उरलेली त्यांच्या तोंडून आपोआप बाहेर पडते. झोपेत असली तरी पडेल. मग ब्रीदच्या तोंडून काय बाहेर पडेल? स्तोत्र नाही, प्रार्थना नाही. एकच गोष्ट.

तिच्या घरात मार्टिनच्या कॅसेटी एका शेल्फवर ओळीने लावलेल्या होत्या, बहुतेक फिडलच्या, म्हणजे व्हायोलिनच्या. त्यांतल्या एकीवर त्याने पेनने 'ब्रीद, मार्क्स' असं लिहिलं होतं. आमच्याकडे कॅसेट वाजवणारं आता काहीच उरलं नव्हतं, माझ्या नवऱ्याची, परीक्षितची, जुनी गाडी सोडून. म्हणून मी घरासमोर उभ्या केलेल्या गाडीत बसून संथा घ्यायला लागले. ब्रीद टेपमधून एक ओळ म्हणायची, मी बटण दाबून थांबवायची आणि दोनदा म्हणायची. हॉनिक मुज हुगत जे डोनी. हॉनिक मुज हुगत जे डोनी. अर्थाचा पत्ता नाही. शब्द कुठे तुटतो तेही कळत नव्हतं, पण मास्तरांची मुलगी होते मी, आवाज जसा आहे तसा उचलायचा एवढं मला येत होतं.

परीक्षितने काच ठोठावली. "अगं, बॅटरी उतरेल. आणि समोरच्या बाई विचारत होत्या, इज युअर वाइफ ऑलराइट?"

"त्यांना सांग, शी इज स्टडीइंग."

"आसावरी, सीरियसली, एखादा आयरिश माणूस शोधू ना. ऑफिसात विचारतो. ट्रान्सलेशन करून देईल."

"मला ट्रान्सलेशन नकोय रे. मला ओळ सुरू करून द्यायचीय. पुढची ती म्हणेल."

"आणि नाही म्हटली तर?"

"तर मला एक कविता पाठ झाली असं समजायचं. तू आत जा, थंडी आहे."

तो आत गेला आणि थोड्या वेळाने चहा घेऊन आला. नवरा म्हणून तो मला तेवढ्यासाठी आवडतो.

कविता बरीच लांब होती आणि सगळी खालच्या पट्टीत होती. फक्त मधोमध एक ओळ अशी होती जिथे ब्रीदचा आवाज एकदम चढायचा. डून अन डोरस, अ वॉर्टीन. लगेच धप्प असा एक ठोका, क्षणभर शांतता आणि पुन्हा मूळ पट्टी. मी ठरवून टाकलं की हा कवितेचा कळस. क्रांती होत असेल तर ती इथेच होत असणार. ती ओळ मी सगळ्यांत जीव ओतून बसवली आणि ठोक्याच्या जागी मांडीवर सणसणीत थाप मारायची, तीही बसवली.

हॉस्पिटलमध्ये पहिल्या दिवशी काहीच झालं नाही. मी म्हणत होते आणि ब्रीद माझ्याकडे टक लावून बघत होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा मला वाटलं, आपण हा काय आगाऊपणा चालवलाय. दुसऱ्या दिवशी मी मुलांशी करते तसं केलं. अर्धी ओळ म्हणून थांबले आणि तिच्याकडे भुवया उंचावून बघत राहिले. हॉनिक मुज हुगत...

तिचे ओठ हलले. "जे डोनी," ब्रीद म्हणाली.

पुढची ओळ तिने जवळजवळ पूर्ण म्हटली. त्याच्या पुढच्या दिवशी चार ओळी. आधाराची दांडी पकडून चालायला शिकावं तशी ती माझा शब्द धरून पुढे जायची. मी आनंदाने थेरपिस्टला ओढून आणलं. तिने ऐकलं, ती खूश झाली, मग तिने ब्रीदसमोर कप धरला आणि विचारलं, "हे काय आहे?"

"वेल," ब्रीद म्हणाली.

"हे पाठांतर आहे," बाहेर आल्यावर थेरपिस्ट मला हळूच म्हणाली. "छान आहे, पण याला बोलणं म्हणता येणार नाही. अजून तरी नाही." नोराला फोनवर सांगितलं तर तिनेही उसासा टाकला. "ती लहानपणीची गाणीसुद्धा म्हणेल बघ. टेप वाजते तशी. मी बुधवारी येतेय." ज्या बाईने मला इतकी वर्षं पोपटपंचीबद्दल सुनावलं तिचाच मी पोपट करून ठेवला होता. त्या दिवशी घरी येऊन मी भांडी इतकी आपटली की परीक्षित मुकाट्याने ऑम्लेट करून जेवला.

मंगळवारी मी पुन्हा गेले, कारण अर्धी कविता बाकी होती आणि संथा अर्धवट सोडायची नसते. ब्रीद खिडकीजवळ खुर्चीत बसली होती. आम्ही सुरुवात केली आणि मधोमध येऊन पोचलो. मी ओळ सुरू करून दिली, तिने पूर्ण केली, आणि मग ती थेट पुढच्या कडव्यात शिरली. माझी कळसाची ओळ गाळून.

मुलांनी ओळ गाळली की मी थांबवते. तिलाही थांबवलं. "नाही, ब्रीद. एक ओळ राहिली." आणि मी पाठ ताठ करून, सगळा जीव ओतून म्हटलं, "डून अन डोरस, अ वॉर्टीन." आणि मांडीवर थाप मारली.

ब्रीद माझ्याकडे बघत राहिली. मग तिने मागची ओळ म्हटली आणि पुन्हा ती जागा ओलांडून पुढे गेली. मी पुन्हा थांबवलं. अहो, शिक्षिका आहे मी. "डून अन डोरस, अ वॉर्टीन." थाप. शेजारच्या खाटेवरच्या बाईंनी मासिक खाली ठेवलं.

ब्रीदचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतेय. ती हसत होती. तोंडाची एक बाजू अजून जड होती, म्हणून हसू अर्ध्याच चेहऱ्यावर होतं, पण पोट धरून हसत होती, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग तिने डावा हात वर केला, दर सोमवारी चहाच्या टेबलावर माझ्यापुढे नाचवायची तेच बोट नाचवलं आणि एकेक शब्द उचलून ठेवत म्हणाली, "नील शे सा डॉन."

अर्थ मला कळला नव्हता. पण कविता मला पहिल्यापासून शेवटपर्यंत अक्षरन् अक्षर पाठ होती, आणि हे शब्द तिच्यात कुठेच नव्हते.

मी धावत कॉरिडॉरमध्ये गेले आणि नोराला फोन लावला. ती बॅग भरत होती. "नोरा, ऐक," मी म्हटलं आणि ऐकलं होतं तसंच्या तसं म्हटलं. "नील शे सा डॉन."

नोरा घाईने म्हणाली, "पुन्हा म्हण."

मी पुन्हा म्हटलं.

"हे ब्रीद म्हणाली? स्वतःहून? त्याच्याआधी तू काय म्हणालीस तिला?"

"कवितेतली ओळ. डून अन डोरस, अ वॉर्टीन." फोनवर मांडीवर थाप मारली नाही, एवढंच.

नोरा इतकी मोठ्याने हसली की मी फोन कानापासून लांब धरला. "अगं मुली," ती म्हणाली, "तू माझ्या बहिणीला म्हणालीस, दार लाव, मार्टिन. तो मेला कधी दार लावायचा नाही. टेप चालू असताना आला असेल उघडं टाकून, आणि तिने ओरडून सांगितलं असेल." आयरिशमध्ये हाक मारताना नावाचं पहिलं अक्षर बदलतं म्हणे, म्हणून मार्टिन माझ्या कानाला ओळखू आला नव्हता. आणि माझा क्रांतीचा ठोका म्हणजे दार आपटल्याचा आवाज होता.

"मग ती काय म्हणाली?" मी विचारलं.

नोराचं हसणं केव्हा थांबलं मला कळलं नाही. आता ती रडत होती. "ती म्हणाली, 'ते कवितेत नाही.' ती तुझी चूक काढतेय, आसावरी. म्हणजे ती आहे. आमची ब्रीद आहे तिथे."

बुधवारी नोरा आली आणि बहिणीच्या खुर्चीजवळ बसून आयरिशमध्ये बोलत राहिली. शब्द एकेक करून यायला लागले, आधी आयरिश, मग मागून अडखळत इंग्रजी. संध्याकाळी नोराने थेरपिस्टच्या देखत, मुद्दाम इंग्रजीत विचारलं, "ब्रीद, तुला कुठे राहायचंय? माझ्याजवळ गॉलवेला, की..."

"रीडिंग," ब्रीद म्हणाली. असला कसला प्रश्न, असा चेहरा करून.

नोरा महिनाभर ब्रीदच्या घरी राहिली आणि भिंतीपलीकडून मला दोन आवाज ऐकू येऊ लागले. ती जाण्याआधी माझ्या स्वयंपाकघरात बसून तिने मला कवितेचा अर्थ सांगितला. आम्ही तुझ्याकडे रविवारी आलो, कारण बाकीचे दिवस नवऱ्याला सुट्टी नसते. त्याच्या बुटांना अजून सिमेंट आहे, तू समजून घेशील. फुलं आणली नाहीत, माझ्या आईच्या शेताच्या बांधावरचा एक दगड आणलाय. तू जगातल्या सगळ्या कामकऱ्यांसाठी लिहिलंस, पण आमच्या भाषेत तुझ्याशी कुणी बोललं नसेल, म्हणून मी बोलते. तू नुसतं ऐक. असं बरंच होतं. मी पोळ्या लाटत ऐकत होते आणि पिठाच्या हाताने डोळे पुसत होते. हे सगळं आधी समजून घेतलं असतं तर ती कविता मी किती तरी बरी म्हटली असती. मात्र मग दार लाव मार्टिन मी कधीच म्हटलं नसतं. सोमवारी मी हा मुद्दा ब्रीदपुढे मांडला. तिने बराच विचार केला. "तरीही," ती सावकाश म्हणाली, "पोरांना... अर्थ सांग." मी त्या रविवारपासून सांगते.

पुढच्या मार्चमध्ये आम्ही हायगेटला गेलो. ब्रीदच्या एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात माझा दंड. मी बूट काढले नाहीत. ती चौथऱ्यासमोर उभी राहिली, घसा साफ केला आणि सुरुवात केली. काही शब्दांपाशी अडली, तिथे मी हळूच पुढचं अक्षर सुचवलं. शेजारी कुणी पर्यटक फोटो काढायचे थांबून ऐकत होते.

मधोमध येऊन ती थांबली. मी पुढचं कडवं सुचवलं, तरी गप्प. बघितलं तर ती माझ्याकडे बघत होती, भुवया उंचावून, मी मुलांकडे बघते तशी.

मग मला कळलं. मी पाठ ताठ केली आणि त्या भल्यामोठ्या ब्राँझच्या डोक्यासमोर खड्या आवाजात म्हटलं, "डून अन डोरस, अ वॉर्टीन." आणि मांडीवर थाप मारली.

ब्रीदने मान डोलावली. मग मार्क्सकडे वळून, त्याला नीट समजावं म्हणून एकेक शब्द सुटा करत ती म्हणाली, "टा शे सा डॉन अनिश."

याचा अर्थ मला कुणाला विचारावा लागला नाही. आता ती ओळ कवितेत आहे.